गोखरू नेमकं कोणतं? पायात मोडतो तो सराटा की लुगड्याला चिकटतं ते?

बोरीकाठची

सगळ्यांना नमस्कार. मी अमळनेर तालुक्यातली. घरी कापूस, थोडी ज्वारी, दोन म्हशी. झाडपाल्याची माहिती असलेली माणसं इथे आहेत म्हणून विचारते. जरा लवकर उत्तर मिळालं तर बरं होईल, कारण घरात काढा उकळायची तयारी झाली आहे.

गेल्या सोमवारी रात्री दोनच्या सुमारास ह्यांच्या डाव्या कुशीत कळ उठली. आधी वाटलं गॅस असेल, ओवा दिला. पण कळ खाली जांघेपर्यंत उतरायला लागली आणि माणूस ओट्यावर गडबडा लोळायला लागला. ओकाऱ्याही झाल्या. शेजारच्या भाऊंनी गाडी काढली आणि तालुक्याला नेलं. सोनोग्राफीत डाव्या मूत्रवाहिनीत खालच्या टोकाला ६ मिमीचा खडा निघाला. डॉक्टरांनी दुखण्याची गोळी दिली, नळी सैल होण्याची एक गोळी रात्री घ्यायला सांगितली, भरपूर पाणी प्यायला सांगितलं आणि दोन आठवड्यांनी परत बोलावलं.

घरी आलो तर सासूबाई सुपात हे एवढं गोखरू घेऊन बसलेल्या. पहाटेच नाल्याच्या बांधावर जाऊन पदरात भरून आणलं होतं. म्हणाल्या, खड्यावर गोखरूसारखं औषध नाही, कुटून काढा करू, आठ दिवस दोन्ही वेळा देऊ. त्यांचा लेक आहे, रात्रभर त्याही डोळ्याला डोळा लागू न देता बसल्या होत्या. त्यांच्या मनात खोट नाही.

पण सूप पाहून मी थबकले. माझं माहेर साक्री तालुक्यातलं. माझे आजोबा (आईचे वडील) गोखरूचा काढा करायचे, आणि त्यांचं गोखरू हे नव्हतं. ते कसं गोळा करायचे हे मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. जुन्या बारदानाचा हातभर तुकडा घ्यायचा, दोरीला बांधायचा आणि शेताच्या वाटेवरून, खळ्याच्या कडेने ओढत न्यायचा. सराटे आपोआप बारदानात रुतून बसायचे. मग ते बारदान उलटं करून काठीने झोडायचं. खाली वाळक्या काट्यांचा थर पडायचा, तो पाखडायचा. हाताने एकसुद्धा वेचायचे नाहीत. म्हणायचे, "सराटा धुंडाले जानं नही पडत, तो पायले सापडस." आणि सापडायचाच. आम्ही अनवाणी पोरं त्या वाटेने एका पायावर लंगडत घरी यायचो.

सासूबाईंच्या सुपात आहे ते वेगळंच. बोराच्या बीपेक्षा मोठं, लांबट, अंगभर बारीक वाकडे काटे. पायात मोडत नाही. कापूस वेचताना लुगड्याला, म्हशीच्या शेपटीला चिकटतं ते. मी तसं बोलले तर म्हणाल्या, "हाई गोखरूच शे. मन्हा जलम गया बांधवर." आणि खरंच, इथे गावात सगळे ह्यालाच गोखरू म्हणतात. माझ्या माहेरी सराट्याला गोखरू म्हणतात. आता कुणाचं खरं धरू?

तर दोन गोष्टी सांगा. औषधाचं गोखरू कोणतं? आणि ते डॉक्टरांच्या गोळ्यांबरोबर चालतं का? सूप मी सध्या उचलून माळ्यावर ठेवलंय.

शहाद्याचा केळीवाला

ताई, काळजी करू नका. माझ्या मामांना ५ मिमीचा होता. गोखरूचा काढा घेतला, नवव्या दिवशी लघवीवाटे पडला, बरणीत ठेवलाय अजून. त्यांनी सारंगखेड्याच्या यात्रेत जडीबुटीवाल्याकडून तयार भुकटी घेतली होती, त्यामुळे अख्खं फळ कसं दिसतं ते मला सांगता येणार नाही. पण गुण आला हे डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या इकडे जिमला जाणारी पोरंसुद्धा गोखरूच्या कॅप्सूल खातात ताकदीसाठी. इतकी माणसं घेतात म्हणजे अपाय नसणार.

काष्ठौषधी धुळे

ताई, आधी एक काम करा. माळ्यावरचं सूप खाली उतरवू नका आणि त्यातलं एकही फळ कुणाच्या पोटात जाऊ देऊ नका. म्हशीच्या आंबोणातसुद्धा नाही. मग बाकीचं निवांत वाचा.

मी धुळ्यात काष्ठौषधीच्या दुकानात ४१ वर्षं बसलो. आता मुलगा बसतो, मी दुपारी जाऊन माल निवडून देतो. ह्या एका नावाने जितका घोळ घातलेला पाहिला तितका दुसऱ्या कुठल्याच नावाने नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

गोखरू नावाची तीन वेगळी झाडं आहेत. एकमेकांची भावकीसुद्धा नाहीत, तिन्हींची कुळं वेगळी.

पहिलं तुमच्या आजोबांचं. सराटा, काटेगोखरू, दुकानात आम्ही लहान गोखरू म्हणतो. संस्कृतात गोक्षुर. वैद्य लोक नुसतं गोखरू लिहितात तेव्हा हेच असतं. दशमुळांत जे दहावं मूळ येतं ते ह्याचंच: सालवण, पिठवण, डोरली, रिंगणी आणि गोखरू हे लहान पंचमूळ. गुळवेल आणि आवळ्याबरोबर समभाग घेऊन रसायन चूर्ण होतं त्यातही हेच, आणि गोक्षुरादि गुग्गुळातही हेच. ह्याचं झाड उभं राहत नाही. एका मुळापासून चहूबाजूंना जमिनीसरसे फाटे पसरतात, गाडीच्या चाकाला आरे असावेत तसे. पान हरभऱ्याच्या पानासारखं, बारीक पानं समोरासमोर लागलेली. जुन्यांनी त्याला चणद्रुम असंही नाव दिलंय ते त्यासाठीच. फूल पिवळं, पाच पाकळ्यांचं, आणि सकाळी उमललेलं.

आता फळ. आजोबांनी झोडलेल्या त्या थरातला एक सराटा मिळाला तर तळहातावर घेऊन नीट बघा. हिरवं असताना ते पाच खापांचं गोल फळ असतं. वाळलं की खापा सुट्या होतात आणि आपल्या पायात मोडते ती त्यातली एक खाप. प्रत्येक खापेला दोन लांब, दणकट काटे वर आणि दोन आखूड काटे खाली. पाठ खरबरीत, उंचवटे असलेली. कशीही टाका, एक काटा वर राहतोच. म्हणून तर सायकलच्या ट्यूबचं वाटोळं होतं. काटा सरळ असतो, वाकडा नसतो, हे लक्षात ठेवा. कुत्र्याच्या सुळ्यासारखा म्हणून श्वदंष्ट्रा.

दुसरं मोठं गोखरू, काही जण हत्तीचराटे म्हणतात. हे आपल्याकडे कमी, गुजरातेकडे आणि समुद्रकाठच्या रेताड जमिनीत जास्त. पान मांसल, फूल पिवळं पण नळीसारखं. फळ चार कडांचं, अखंड, बुडाशी चार कोपऱ्यांना चार काटे. ह्याच्या खापा होत नाहीत. ओळखायची खूण मला माझ्या वडिलांनी दाखवली होती. ओली फांदी पेलाभर पाण्यात घालून चार वेढे फिरवायची. पाणी बघता बघता अंड्याच्या पांढऱ्यासारखं घट्ट, तारेचं होतं. रंग बदलत नाही, चवही नाही. काही तासांनी परत पातळ होतं. मी दहा वर्षांचा असेन, मला ती जादूच वाटली. हेही लघवीच्या जळजळीवर वापरतात, पण सराट्याच्या जागी हे खपवणं मला कधी पटलं नाही. दुकानात आम्ही दोन वेगळ्या डब्यांत ठेवतो आणि गिऱ्हाईकाला विचारूनच देतो.

तिसरं तुमच्या सासूबाईंच्या सुपातलं. पुस्तकी नाव शंकेश्वर. कमरेएवढं उभं वाढतं, खोडावर जांभळट ठिपके, पान हाताच्या पंजाएवढं, खरखरीत, तीन कोनांचं. फळ लांबट, दीड-दोन सेंटिमीटरचं, अंगभर बारीक काटे आणि प्रत्येक काट्याचं टोक आकड्यासारखं वळलेलं. शेंड्याला दोन शिंगं. तुमचं वर्णन तंतोतंत ह्याचं आहे. हे सूर्यफुलाच्या, गाजरगवताच्या कुळातलं. खेड्यांत आणि शेतकी तणांच्या यादीतसुद्धा ह्याला सर्रास गोखरूच म्हणतात, त्यामुळे सासूबाईंचं चुकलं असं मी म्हणणार नाही. नाव त्यांनी बरोबरच सांगितलं. औषध मात्र त्या नावाचं ते नव्हे.

आणि हे विषारी आहे. फळाच्या आत दोन बिया असतात, त्यांत आणि नुकत्याच उगवलेल्या रोपात कार्बॉक्सिअॅट्रॅक्टिलोसाइड नावाचं द्रव्य असतं. ते यकृतावर जातं आणि रक्तातली साखर एकदम खाली आणतं. २००७ साली बांगलादेशात सिल्हेट भागात पूर ओसरल्यावर लोकांनी ह्याच्या कोवळ्या रोपांची भाजी करून खाल्ली. दुसरं काही मिळत नव्हतं. ७६ जण आजारी पडले, १९ दगावले. ओकाऱ्या, मग गुंगी, मग शुद्ध हरपणं. चीनच्या वैद्यकात ह्याची फळं नाकाच्या आजारावर देतात, पण ती भाजून, काटे काढून, मोजून, जाणकाराच्या हातून. आपण कुटून आठ दिवस दोन्ही वेळा देणं म्हणजे यकृताशी खेळ.

तुम्ही थबकलात ते फार चांगलं झालं. सराटा पायात मोडतो आणि हे कपड्याला धरतं, एवढा फरक तुम्हाला लहानपणीच्या वाटेने शिकवला.

शहाद्याच्या भाऊंना एक विनंती. यात्रेतली भुकटी घेऊ नका. भुकटीत सराटा होता की अजून काही, हे मीसुद्धा सांगू शकणार नाही, आणि माझी हयात ह्यातच गेली. अख्खं घ्या, घरी आणून बघा, मग कुटा. सराटा जुनाट, भुंगा लागलेला असेल तर तळाशी पीठ सांडलेलं दिसतं, तो परत करा.

नंदुरबारची वैद्य

धुळ्याच्या आप्पांनी ओळखीचं सगळं सांगितलं आहे, मी उपचारापुरतं लिहिते. मी आयुर्वेदाची पदवीधर आहे, १६ वर्षं प्रॅक्टिस करते. उन्हाळ्यात आणि कापूस वेचणीच्या दिवसांत माझ्याकडे मुतखड्याचे रुग्ण सगळ्यात जास्त असतात. कारण साधं आहे. आपल्याकडे पारा ४४-४५ पर्यंत जातो, माणूस दिवसभर रानात, घामाने पाणी जातं आणि लघवी घट्ट होते. वेचणीला गेलेल्या बायका तर आडोसा नाही म्हणून मुद्दाम पाणी कमी पितात. ताई, तुम्हीही पीत नसाल. लेकराबाळांच्या आईने हे टाळू नये, कळशीभर पाणी बांधावर घेऊन जा.

गोक्षुर लघवीच्या त्रासावर चरकांच्या काळापासून वापरतात, मीही देते. त्याने लघवी मोकळी होते, जळजळ कमी होते, असा माझा अनुभव. पण खडा विरघळतो असं मी कुणाला सांगत नाही. आपल्याकडचे बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात, ते काढ्याने विरघळल्याचं मी पाहिलेलं नाही.

आता शहाद्याच्या भाऊंच्या मामांबद्दल. ५ मिमीच्या आतले बहुतेक खडे नुसत्या पाण्यावर आपसूक पडतात. ५ ते १० मिमीमधले साधारण निम्मे पडतात. म्हणजे मामांचा खडा गोखरूने पडला की पडणारच होता, हे एका बरणीवरून ठरत नाही. गुण आला नाही असंही मी म्हणत नाही. फक्त तेवढ्यावर दुसऱ्याला डोस सांगू नये. आणि जिमच्या कॅप्सूलचं म्हणाल तर, गोखरूने तरुण निरोगी पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन वाढतं ही जाहिरात आहे. माणसांवर नीट केलेल्या अभ्यासांत तसं दिसलेलं नाही. त्या डब्यांवर पैसे घालवण्यापेक्षा पोरांनी भुईमूग-गूळ खावा.

ताई, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर. ह्या दोन आठवड्यांत डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच करा. नळी सैल करणाऱ्या त्या गोळीने रक्तदाब थोडा उतरतो, उठताना चक्कर येऊ शकते. रात्री लघवीला उठताना आधी खाटेवर बसू द्या, मग उभं राहू द्या. गोक्षुरानेही रक्तदाब थोडा खाली येऊ शकतो, म्हणून दोन्ही एकदम नको. पुढे द्यायचं असेल तर आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कळायची रक्ततपासणी) तपासा आणि त्या डॉक्टरांना सांगून द्या. लपवून नको. पुष्कळ रुग्ण आम्हा वैद्यांचं डॉक्टरांपासून लपवतात आणि डॉक्टरांचं आमच्यापासून. नुकसान रुग्णाचंच होतं.

प्रमाणही सांगते, कारण "आठ दिवस दोन्ही वेळा" हे प्रमाण नव्हे. फळाचं चूर्ण दिवसाला ३ ते ६ ग्रॅम, एवढंच शास्त्रात आहे. मला स्वतःला क्षीरपाक आवडतो: एक भाग भरड, आठ भाग दूध, दुधाच्या चौपट पाणी, पाणी आटून दूध उरेपर्यंत मंद आचेवर. वेळ लागतो, ढवळत बसावं लागतं, म्हणून लोक टाळतात. पण जळजळीला त्याच्यासारखं काही नाही.

जास्त घेतलं की जास्त गुण, हे डोक्यातून काढा. २०१० साली इराणमधल्या एका रुग्णाची नोंद वैद्यकीय नियतकालिकात आली होती. २८ वर्षांचा तरुण, मुतखड्यासाठी ह्याच सराट्याचं पाणी रोज दोन लिटर, असं दोन दिवस प्यायला. झटके आले, पाय लुळे पडले, मूत्रपिंडावर परिणाम झाला. बंद केल्यावर सुधारला. म्हणजे खरं गोखरूसुद्धा पाण्यासारखं प्यायचं नसतं. गरोदर बाईला तर मी देतच नाही.

आणि हे वहीवर लिहून ठेवा, माळ्यावरच्या सुपापेक्षा जास्त महत्त्वाचं आहे: थंडी वाजून ताप आला, लघवी पूर्ण अडली, ओकाऱ्या थांबेनात किंवा गोळी घेऊनही कळ थांबेना, तर दोन आठवड्यांची वाट न पाहता त्याच रात्री न्यायचं. अडलेल्या खड्यामागे लघवीत जंतू वाढले तर मूत्रपिंड वाचवायला तासच हातात असतात.

ठेलारी साक्री

ताई, तुम्ही माहेरच्या म्हणून लिहितो. आम्ही मेंढरं राखणारे. हे आकड्याचं गोखरू आमच्या लोकरीचं दुश्मन. एकदा मेंढीच्या पोटाखाली गुंतलं की कातरणीच्या वेळी लोकरीत गुठळ्या होतात, व्यापारी भाव पाडतो. माझी आई संध्याकाळी वाघुरीच्या (मेंढरं कोंडायच्या जाळीच्या) आत बसून एकेका मेंढीचं वेचायची, बोटांची सालटं निघायची.

पाऊस पडल्यावर आठ-दहा दिवसांनी नाल्याच्या कडेला त्याची कोवळी रोपं दाट येतात तिथे आम्ही कळप नेत नाही. हे आम्हाला कुणी पुस्तकातून शिकवलं नाही. मोठं झाड मेंढरू तसंही तोंडात धरत नाही, पण कोवळ्याला तोंड घालतं.

सराट्याचंही सांगतो. हिरवा सराटा मेंढरं खातात, थोड्याने काही होत नाही. पण पाऊस येऊन गेला, मग उघाड पडली आणि सराटा उन्हाने मलूल झाला, की वडील त्या माळावर कळप बसू देत नसत. विचारलं तर "तोंड सुजस" एवढंच सांगायचे. माझा पुतण्या पशुवैद्यकाचं शिकतोय. त्याने सांगितलं की दक्षिण आफ्रिकेत कारू नावाचा मुलूख आहे, तिथे मेंढ्यांना सराट्यानेच असं होतं. यकृत बिघडतं, ऊन सोसत नाही, कान-तोंड सुजून पिवळं पडतं. त्याला तिकडे नावही आहे, त्याचा अर्थच पिवळं जाड डोकं. वडील शाळेत गेले नव्हते. हे ऐकायला ते असायला हवे होते.

बोरीकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री आप्पांचं लिहिलेलं सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवलं. चुकलं असं म्हणणार नाही, हे आप्पांनी लिहिलेलं वाक्य मी दोनदा वाचलं, मुद्दाम. त्याशिवाय पुढचं त्यांनी ऐकलं नसतं.

सकाळी मी आजोबांसारखंच केलं. खताच्या गोणीचा तुकडा चालत नाही, प्लास्टिक आहे ना, काटा रुतत नाही. शेवटी गोठ्यातलं जुनं तागाचं बारदान फाडलं आणि सुतळी बांधून मारुतीच्या पारापासून आमच्या खळ्यापर्यंत ओढत आणलं. उलटं केलं तर सतरा सराटे. सासूबाईंनी एक तळहातावर घेतला, दुसऱ्या हातात सुपातलं एक. चष्मा लावून बराच वेळ दोन्ही न्याहाळत बसल्या. सराट्याच्या काट्यावर बोट टेकवलं, मग दुसऱ्याच्या आकड्यावर. मग म्हणाल्या, "दोन्हीस्ले एकच नाव कोनी दिधं व माय?" आणि एकदम रडायला लागल्या. लेकाला आपल्या हाताने हे पाजलं असतं, हे त्यांच्या मनातून जाईना. मी चहा केला, जवळ बसले. दुसरं काय करणार.

सूप मागच्या परसात नेऊन सगळी फळं चुलीत घातली, शेजारच्या शेळ्या येतात म्हणून उकिरड्यावर टाकली नाहीत. हात धुतले. सराटे एका कागदात बांधून ठेवलेत, पण आत्ता काढा नाही. वैद्यताईंचं ऐकून ह्यांना गोळ्या आणि पाणी एवढंच चालू आहे. कळ कालपासून नाही, ताप नाही. लघवी सुती कापडातून गाळतोय, डॉक्टरांनी सांगितलंय, खडा सापडला तर तपासायला देता येईल म्हणून. अजून सापडला नाही. पुढच्या सोमवारी परत सोनोग्राफी आहे.

वैद्यताई, पाण्याचं तुम्ही बरोबर ओळखलं. आम्ही सात-आठ जणी वेचायला जातो, सकाळी सातला घर सोडलं की दुपारी जेवताना पेलाभर पाणी, तेवढंच. आजपासून मी आणि जाऊबाई एक जुनं लुगडं घेऊन जातोय, तुऱ्हाट्या रोवून आडोसा केला. बाकीच्याही वापरायला लागल्या.

एक राहिलं. बांधावर पावसाळ्यात आम्ही तांदुळजा, कुर्डू, आंबाडी खुडतो. त्याच नाल्याजवळ ही झाडं आहेत. खुडताना ह्याचं रोप चुकून हातात येऊ शकतं का? कसं ओळखायचं?

काष्ठौषधी धुळे

येऊ शकतं, म्हणून विचारलंत ते बरं. उगवताना त्याची पहिली दोन पानं जाड, गुळगुळीत, लांबट असतात, बोटाच्या पेरापेक्षा लांब, जिभेसारखी. तांदुळज्याची पहिली पानं त्यामानाने अगदी बारीक. त्यानंतर येणारी पानं खरखरीत, कातर कडांची. सगळ्यात पक्की खूण मुळाशी: रोप हलकेच उपटा, बहुतेक वेळा जुन्या फळाचं काटेरी टरफल मुळाला तसंच लटकलेलं असतं. एका फळात दोन बिया, एक ह्या पावसात उगवते आणि दुसरी बऱ्याचदा मागे राहून पुढच्या पावसात, म्हणून एकदा उपटून भागत नाही. फुलायच्या आधी, श्रावणात एकदा आणि भादव्यात एकदा, विळ्याने बुडातून काढा. भाजी मात्र नाल्याच्या त्या कडेची खुडूच नका, वरच्या बांधाची खुडा.

सासूबाईंना माझा नमस्कार सांगा. त्यांना म्हणावं, दुकानात बसलेल्या माणसाकडूनही हे झालेलं आहे. मी नवा असताना एका गिऱ्हाईकाने गोणीभर आकड्याचं गोखरू विकायला आणलं होतं आणि मी पैसे मोजून दिले होते. वडिलांनी संध्याकाळी गोणी उघडली आणि ती पूर्ण गोणी माझ्याकडूनच जाळून घेतली. सोमवारी सोनोग्राफीत काय निघालं ते इथे लिहा.